बडोदा ते रत्नागिरी बाईक सफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डांगचं जंगल, सह्याद्रीचे घाट आणि कोकण किनारा अशी ही हिवाळ्यातली सफर आम्ही मार्गदर्शकासोबत, गटाने नेतो. तिच्याबद्दल दरवर्षी नवरात्र संपली की तेच तेच प्रश्न येऊ लागतात: फोनवर, व्हॉट्सॲपवर, कधी बडोद्यातल्या दांडिया बाजार भागात गाठ पडली तर रस्त्यातच. लोकांनी विचारले तसेच ते इथे ठेवले आहेत. एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहिलेलं नाही. जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सफर नेमकी कुठून कुठे जाते आणि किती दिवसांची?

जाताना आठ दिवस, रस्त्याने परतायला तीन. पहिल्या दिवशी बडोदा, राजपिपळा, नेत्रंग, मांडवी (सुरत जिल्ह्यातली, बडोदा शहरातली नव्हे), व्यारा, सोनगड, आहवा आणि सापुतारा. दुसऱ्या दिवशी वणी, नाशिक, घोटीवरून भंडारदरा. तिसऱ्या दिवशी राजूर, कोतूळ, ओतूर, मग माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गे कर्जत. चौथ्या दिवशी खोपोली, पेण, अलिबाग, रेवदंडा करत मुरूड. तिथून पुढे समुद्र उजव्या हाताला ठेवून खाली जायचं: हरिहरेश्वर, हर्णै-दापोली, गुहागर आणि गणपतीपुळ्यावरून रत्नागिरी, रोज एक मुक्काम. वाटेत चार खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात (प्रश्न ८).

जातानाचं अंतर हजार किलोमीटरच्या आसपास भरतं. परतीचं महामार्गाने साडेसातशेच्या घरात.

२. 'मार्गदर्शकासोबत' म्हणजे काय? रस्ता तर मोबाइलवर दिसतोच.

रस्ता दिसतो. पुढच्या वळणावर वाळू सांडली आहे की नाही, हे दिसत नाही.

गटात सगळ्यात पुढे लीड असतो आणि सगळ्यात मागे स्वीप. लीडच्या पुढे कोणी जायचं नाही, स्वीपच्या मागे कोणी राहायचं नाही. मधल्या प्रत्येकाने आपल्या मागची गाडी आरशात सांभाळायची. मागचा दिसेनासा झाला तर तुम्ही वेग कमी करता. त्यामुळे तुमच्या पुढचा करतो, आणि असं होत होत निरोप फोनशिवाय लीडपर्यंत पोहोचतो. डांगमध्ये आणि माळशेजच्या माथ्यावर रेंज जाते, तिथे हीच पद्धत कामी येते. फाटा आला की लीडच्या लगेच मागचा गाडीवाला तिथे थांबतो आणि स्वीप येईपर्यंत हलत नाही, मग भले कितीही वेळ लागो.

म्हणजे गटाचा वेग ठरवतो तो सगळ्यात हळू चालवणारा. हे ज्यांना जाचक वाटतं त्यांनी आमच्याबरोबर येऊ नये, असं आम्ही पैसे भरण्याआधीच सांगतो. एका लीडमागे आठच गाड्या घेतो, कारण त्यापलीकडे आरशाची साखळी तुटते.

३. पावसाळ्यात का नेत नाही? तेव्हाच तर सह्याद्री बघावा.

बघावा, पण बसने किंवा चारचाकीने, आणि एका जागी मुक्काम करून. जून ते सप्टेंबर माळशेजमध्ये दरडी कोसळतात, धुकं इतकं उतरतं की समोरचा दिवा हाताच्या अंतरावर आल्यावर कळतो, आणि कोकणात फेरीबोटी वाऱ्या-पावसाच्या मर्जीवर चालतात. अशा वेळी एकटा माणूस सावध राहून निभावून नेईल. आठ गाड्यांच्या रांगेत मात्र एक घसरली तर मागच्या दोघांना ब्रेक मारायला जागा उरत नाही.

आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारीच निघतो. पाऊस संपून रस्ते डागडुजीला आलेले असतात, हवा कोरडी असते. ज्यांना धबधबाच पाहायचा आहे त्यांनी वाघईजवळचा अंबिका नदीवरचा गिरा धोध सप्टेंबरच्या अखेरीस वेगळा जाऊन पाहावा. हिवाळ्यात त्याची धार बारीक झालेली असते.

४. माझ्याकडे १२५ सीसीची बाईक आहे. चालेल का? स्कूटर?

बाईक चालेल. एकटे असाल तर १२५ सीसीला या मार्गावर काहीच कमी पडत नाही. मागे माणूस आणि सामान असेल तर १५०च्या वरची बरी. साडेतीनशेच्या जड गाड्याही येतात, पण त्या फेरीच्या उतारावर आणि दापोलीजवळच्या आंजर्ल्याकडच्या अरुंद चढांवर नव्या हातांना दमवतात. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९पासून एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, तेव्हा तशी गाडी त्यानंतरची असेल तर उत्तमच.

स्कूटरला नाही म्हणतो. गिअरच्या गाडीला घाट उतरताना इंजिनच धरून ठेवतं. स्कूटरला ती सोय जवळजवळ नसते, सगळा भार ब्रेकवर पडतो. लांब उतारावर ब्रेक तापले की लिव्हर दाबूनही गाडी थांबत नाही. शिवाय चाकं लहान असल्याने खड्डा आला की हँडल हातातून निसटतं. गावात हीच स्कूटर चोख काम देते, त्यात शंका नाही.

५. निघण्याआधी गाडीचं काय काय करून घ्यायचं?

सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी. मेकॅनिकच्या हातून एखादा नट सैल राहिला असेल तर तो शहरातच कळतो. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, टायरची नक्षी, साखळीचा ताण, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबली, सगळे दिवे. सुटी केबल आणि एक बल्ब सोबत ठेवा, डांगमध्ये तुमच्या मॉडेलचा मिळेलच असं नाही.

किनाऱ्याला लागल्यापासून साखळीकडे रोज लक्ष द्यायचं. खारी हवा आणि बारीक वाळू तेलाला चिकटून दातऱ्यांना घासत राहते. मुक्कामाला पोहोचल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुवायची. साखळी अजून कोमट असताना जुन्या दातघासणीने कड्यांमधला काळा चिखल काढायचा, फडक्याने पुसायची आणि मग आतल्या बाजूने तेल सोडायचं. दहा मिनिटांचं काम आहे. हे न करता रत्नागिरी गाठलेल्या साखळीचा आवाज लांबूनच ओळखू येतो.

६. रोज किती तास चालवावं लागतं?

पहिला दिवस सगळ्यात मोठा, अडीचशे किलोमीटरच्या वर. म्हणून सकाळी साडेपाचला बडोद्यातल्या काळा घोड्याजवळ जमतो. तिसऱ्या दिवशी दोनशेच्या आसपास. किनाऱ्यावर पन्नास ते ऐंशीच, पण तिथले पन्नास हायवेच्या दीडशेइतका वेळ खातात, फेरीची वाट पाहणं वेगळं.

अंधार पडल्यावर चालवत नाही, हा नियम कोणासाठीही मोडत नाही. हिवाळा हा ऊसतोडणीचा हंगाम. मांडवी-व्याऱ्याच्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, बऱ्याचशांना मागे दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, तेव्हा साडेपाचला जिथे असू तिथून सर्वांत जवळच्या गावात थांबायचं.

७. घाट उतरायची भीती वाटते. बडोद्यात चढ म्हणजे फक्त उड्डाणपूल!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारे बहुतेक जण पुढे नीट चालवतात. ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये तो उतरा. इंजिनचा आवाज वाढला तरी चालेल. क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची नाही; पेट्रोल वाचवायला असं करणारे आहेत, त्यांना आम्ही तिथल्या तिथे थांबवतो. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. वळणात शिरल्यावर नजर वळण संपतं तिथे ठेवा. दरीकडे पाहिलंत तर गाडी दरीकडेच जाते.

उलट फिरणाऱ्या वळणावर समोरून येणारी एसटी तुमच्या बाजूला येणारच, तिला वळायला तेवढी जागा लागते. म्हणून आंधळ्या वळणावर आपली लेन पूर्ण न वापरता डावीकडे राहा, पण कडेच्या खडीवर जाऊ नका. चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्या.

सापुताऱ्याचा घाट पहिल्या संध्याकाळी येतो तो मुद्दामच. रुंद आहे, वळणं मोठी आहेत, सराव होतो. माळशेज त्यानंतर दोन दिवसांनी.

८. फेरीबोटीवर बाईक कशी चढवतात? पडणार नाही ना?

चार फेऱ्या आहेत: आगरदांडा–दिघी राजपुरीच्या खाडीत, बागमांडला–वेश्वी सावित्रीवर, दाभोळ–धोपावे वाशिष्ठीवर आणि तवसाळ–जयगड शास्त्रीवर. दर वेळी रस्त्याने वळसा घालायचा तर बराच वेळ जाईल. काही ठिकाणी पुलांची कामं काढलेली आहेत, ती झाली की हा प्रश्न या पानावरून निघून जाईल.

बोट किनाऱ्याला लागते आणि तिची लोखंडी फळी धक्क्याच्या उतारावर टेकते. धक्क्याचा खालचा भाग भरतीच्या पाण्याने ओला आणि शेवाळलेला असतो, आणि फळी टेकते तिथे एक छोटी पायरी तयार होते. मागे बसलेल्या माणसाने आधीच उतरायचं. पहिला गिअर, क्लच अर्धा सोडलेला, दोन्ही पाय जमिनीला टेकतील असे खाली. पायरीवर पुढचं चाक चढताना थोडंसं ॲक्सिलरेटर आणि लगेच सैल. पुढचा ब्रेक अजिबात नाही, ओल्या लोखंडावर तो लावला की चाक सरकतंच. आत गेल्यावर साइड स्टँड, गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडल लॉक. आणि गाडी स्थिर होईपर्यंत तिच्याजवळच उभं राहायचं. वरच्या मजल्यावरून खाडी छान दिसते, पण आधी गाडी नीट उभी आहे याची खात्री करा, मग जा.

उतरताना चारचाक्यांना पुढे जाऊ द्या. ज्यांना अगदीच धीर होत नाही त्यांची गाडी स्वीप चढवून देतो. त्यात कमीपणा नाही.

९. बायकोला मागे बसवून आणता येईल? मुलांना?

पत्नी, पती, बहीण, कोणीही. हेल्मेट दोघांनाही, कायद्याने आणि आमच्या नियमानेही. आयएसआय चिन्हाचं, टोपीसारखं नव्हे. मागे बसणाऱ्यांनी निदान एकदा शंभर किलोमीटरची दिवसाची फेरी करून पाहावी, पावागडला जाऊन आलं तरी पुरे. पाठ आणि गुडघे काय म्हणतात ते तेव्हाच कळतं.

मुलांना आणत नाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३पासून लागू आहे. तो पाळला तरी दिवसभराचा प्रवास त्या वयाला झेपत नाही. मोठ्या मुलांना घरच्यांनी रेल्वेने रत्नागिरीला घेऊन यावं, शेवटचे दोन दिवस सगळे एकत्र राहतात.

१०. मी स्वतः चालवते आणि एकटी येणार आहे. सोय होईल का?

होते. दर वेळी निदान दोन महिला चालक असतील असं पाहतो. संख्या भरली नाही तर आधीच कळवतो, मग तुम्ही ठरवा. खोली वेगळी मिळते.

११. 'जीजे ०६' ही बडोद्याची पाटी पाहून महाराष्ट्रात पोलीस अडवतात का? कुठले कागद लागतात?

पाटी पाहून अडवणं नेहमीचं नाही. अडवलं तर लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी दाखवायचे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद कायद्याने ग्राह्य आहेत, पण रेंज नसते तिथे छापील प्रतीच कामाला येतात. बाहेरच्या राज्यात फिरायला खाजगी दुचाकीला वेगळा परवाना किंवा कर लागत नाही. नव्या नोंदणीचा प्रश्न गाडी तिथे बारा महिन्यांहून अधिक राहिली तरच येतो. लर्निंग लायसन्सवर घेत नाही.

१२. गाडी माझ्या नावावर नाही, काकांची आहे. किंवा भाड्याने घेतली तर?

काकांची चालेल. आरसी, विमा आणि काकांचं साध्या कागदावर सही केलेलं संमतिपत्र ठेवा. कायद्याने ते सक्तीचं नाही, पण अपघात किंवा चौकशीच्या वेळी खूप वाद वाचतात.

भाड्याची असेल तर पाटी पाहा. स्वतः चालवायला भाड्याने देण्याच्या गाड्यांना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी ओळखीपाळखीत भाड्याने मिळते, पण अशा गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. तशी गाडी आम्ही रांगेत घेत नाही.

१३. एक्सप्रेसवेने गेलं तर परतीचा एक दिवस वाचेल ना?

दुचाकीला तिथे मज्जावच आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि बडोदा–भरूचचा नवा एक्सप्रेसवे, तिन्हीकडे. परतीला रत्नागिरीहून राष्ट्रीय महामार्ग ६६ने महाड, दुसऱ्या दिवशी डहाणू, तिसऱ्या दिवशी जुन्या ४८ने घर. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही.

१४. खर्च किती येतो?

पेट्रोल ज्याचं त्याने. जाऊन-येऊन सतराशे-अठराशे किलोमीटर धरा. लिटरला चाळीस देणाऱ्या गाडीला पंचेचाळीस लिटरच्या आसपास लागेल, त्याला आजच्या भावाने गुणा. मुक्काम, दोन वेळचं जेवण आणि फेरीचं तिकीट आमच्या रकमेत येतं. ती दरवर्षी खोल्यांचे भाव ठरल्यावर सांगतो. गडांवरचं, होडीचं आणि वाटेतल्या चहाचं ज्याचं त्याने.

१५. आम्ही शाकाहारी आहोत. कोकणात उपाशी राहायची वेळ येईल का?

मुळीच नाही. डांगमध्ये नागलीचा रोटला आणि उडदाचं भुजिया, भंडारदऱ्याला तांदळाची भाकरी आणि पिठलं, कोकणात घावन, आंबोळी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, उकडीचे मोदक. गणपतीपुळ्याला तर शाकाहारी घरगुती खानावळी भरपूर. आदल्या रात्री सांगून ठेवायचं एवढंच, कारण घरगुती ठिकाणी मोजून रांधतात. सकाळी बडोद्याची सेव-उसळ आठवते त्यांच्यासाठी थेपल्यांचे डबे कोणी ना कोणी आणतंच.

मासे खाणाऱ्यांनी हर्णैच्या बंदरावरचा मासळीचा लिलाव पाहावा. दुपार उतरली की होड्या येतात आणि वाळूवरच बोली लागते.

१६. सप्तशृंगीला, सोनगडला, कवळाण्याला थांबणार का?

सप्तशृंगीला हो. वणीहून नांदुरीवरून गडावर गाड्या जातात, वरून पुढे रोपवेसारखी फ्युनिक्युलर ट्रॉलीही आहे. दर्शनाला जास्तीत जास्त तीन तास. चैत्र आणि नवरात्राच्या गर्दीत आपण नसतोच.

सोनगड वाटेतच आहे. बडोद्याच्या आधी गायकवाडांची गादी तिथे होती, तेव्हा पायथ्याशी चहाला थांबून किल्ला पाहतो. वर चढायला पहिल्या दिवशी वेळ नसतो.

कवळाणे मालेगावजवळ आहे, आपल्या वाटेपासून बरंच पूर्वेला. सयाजीराव महाराजांचं जन्मगाव म्हणून दर वेळी कोणीतरी विचारतं, आणि विचारावंच. पण ते घाईत उरकण्याचं ठिकाण नव्हे, स्वतंत्र रविवार काढा. मुरूडला राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा मात्र नक्की होतो.

१७. किनाऱ्याच्या वाळूवर गाडी चालवायला मिळेल?

नाही. किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहे आणि पोलीस गुन्हाही नोंदवतात. ओली वाळू दिसायला घट्ट असते, पण गाडी थांबली की चाक रुततं, आणि भरती विचारून येत नाही. फोटो रस्त्यावरून काढा. गणपतीपुळे–रत्नागिरी रस्त्यावर आरे-वारेच्या वळणावर समुद्र अगदी पायाशी येतो.

१८. पंक्चर झालं किंवा गाडी बंद पडली तर?

स्वीपकडे ट्यूबलेसची किट, पंप आणि नेहमीची हत्यारं असतात. ट्यूबवाला टायर असेल तर सुटी ट्यूब तुम्ही आणा. अर्ध्या तासात सुटत नसेल तर गट पुढच्या गावात जाऊन थांबतो, स्वीप तुमच्यासोबत राहतो. तुम्हाला एकटं सोडून कोणी पुढे मुक्काम गाठत नाही.

१९. अपघात झाला तर?

आधी ११२ किंवा १०८. हेल्मेट घाईने ओढून काढायचं नाही, मानेला मार असेल तर त्यानेच नुकसान होतं. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्या वाटसरूला पोलीस अडकवून ठेवू शकत नाहीत, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ मध्ये आहे. हे लोकांना माहीत नसतं म्हणून मदतीला कोणी पुढे येत नसेल तर मोठ्याने सांगा. २०२५च्या केंद्रीय योजनेत नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोखरहित उपचार मिळतात. निघताना प्रत्येकाकडून रक्तगट, चालू औषधं आणि घरच्या दोघांचे नंबर असलेलं कार्ड घेतो, त्याची एक प्रत तुमच्या जॅकेटच्या डाव्या खिशात.

२०. परतीचं चालवायचं नाही. गाडी रेल्वेने येईल?

येते. रत्नागिरीहून कोकण रेल्वेने बडोद्याला थेट गाड्या आहेत. तिकीट काढून बाईक सोबत नेली तर लगेज, तिकिटाशिवाय पाठवली तर पार्सल. लगेज शक्यतो तुमच्याच गाडीने येतं, पार्सल जागा असेल तेव्हा. आरसी आणि ओळखपत्राची प्रत लागते, पेट्रोलची टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आणि आरसे काढून गाडी गोणपाटात बांधून द्यावी लागते. सुटण्याच्या दिवशी धावपळ नको, आदल्या दिवशी पार्सल कार्यालयात जाऊन या. मधूनच कंटाळा आला किंवा घरून बोलावणं आलं तरी हाच मार्ग. नाशिक रोडहूनही करता येतं. उरलेल्या मुक्कामांचे पैसे खोली दुसऱ्याला गेली तरच परत मिळतात.

२१. गुजरातबाहेर आहोत तर संध्याकाळी थोडी घेतली तर चालेल? येताना एखादी बाटली?

सफर सुरू असेपर्यंत नाही, रात्रीही नाही. सकाळी सहाला निघायचं असतं आणि रात्रीची उतरलेली नसते. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर सापडली तर गुन्हा आहेच. बाटली आणण्याबद्दल: गुजरातमध्ये दारूबंदी आहे, सीमेवर तपासणी होते आणि परवान्याशिवाय एक बाटलीही गुन्हा ठरते. एकाच्या डिकीत सापडली तर आठही गाड्या तिथे उभ्या राहतात. म्हणून डहाणूहून निघताना स्वीप प्रत्येकाला विचारतो. त्याला नीट उत्तर द्या. लपवलेलं सापडलं तर त्या माणसाला पुन्हा घेत नाही.